पिकवणीच्या खोलीतली डिक्शनरी

माझ्या वडिलांना केळी आणि माणसं यांत फारसा फरक वाटत नसे. दोघांनाही वेळेवर पाणी द्यावं, वाऱ्यापासून जपावं आणि पिकायची वेळ आली की कोंडून ठेवावं, असं त्यांचं सरळ मत होतं.

सावद्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे आबा म्हणत. कौतिक पाटील हे नाव फक्त तलाठ्याच्या दप्तरात आणि रेल्वेच्या पावतीवर. मी मोठी होईतो आमचे घड निंभोरा स्टेशनावरून कच्चेच दिल्लीला जायला लागले होते. पण माझ्या लहानपणी माल जवळच्या बाजारांना जायचा आणि तो घरीच पिकवावा लागायचा. त्यासाठी घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. मातीच्या जाड भिंती, छपराजवळ हातभर झरोका आणि एकच दार. आत घड रचायचे, वर केळीची पानं झाकायची, मडक्यात गोवऱ्यांचा धूर करायचा आणि दार शेणामातीनं लिंपून टाकायचं. हिरवा गेलेला घड पिवळा होऊन बाहेर यायचा. आबा लिंपलेल्या दाराला नाक लावत आणि सांगत, अजून एक रात्र राहू द्या. ते कधी चुकले नाहीत. एका गोष्टीत कधी न चुकणारा माणूस बाकीच्या गोष्टींत किती चुकू शकतो, हे मला एकोणीसशे त्रेपन्न साली कळलं.

त्या साली माझा नवरा बी. ए.ला नापास झाला.

नाव शालिग्राम. तेव्हा मी ते तोंडानं घेत नसे. आता लिहिताना घ्यायला हरकत नाही. एदलाबादकडच्या एका खेड्यातले. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि वाटेकरी भाऊ पुष्कळ. मुलगा हुशार आहे, असं कुणीतरी आबांच्या कानावर घातलं. आबांनी माझं त्यांच्याशी लग्न लावलं आणि त्यांना जळगावच्या कॉलेजात घातलं. सासऱ्यानं जावयाला शिकवायचं ही आमच्याकडे रीतच होती. तिच्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. शिवाय आबांना घरात इंग्रजी वाचणारा माणूस हवा होता. रेल्वेचा कागद आला की तो घेऊन जळगावला वकिलाकडे पळावं लागे, आणि वकील तो वाचून दाखवताना असा चेहरा करी की जणू आबांनीच काही गुन्हा केलाय.

जावई हुशार होतेच. हिशेबात, इतिहासात, बोलण्यात कुठे कमी नव्हते. घोडं अडलं ते इंग्रजीपाशी. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग इंग्रजी शाळेत भराभर इयत्ता उरकून मॅट्रिक, आणि तिथून एकदम कॉलेज. तिथे अर्थशास्त्राचे ग्रंथ सगळे इंग्रजीत. पहिल्या पानावर अडकले की दुसरं पान त्यांना दिसतच नसे. प्रोफेसर सांगत त्या नोट्स उतरून ते पाठ करत, आणि परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की खेळ खलास.

नापास झाल्याचं कळलं त्या आठवड्यात केळीच्या दलालाचा मुनीम रतिलाल आमच्याकडे चहाला आला होता. रतिलाल इंग्रजीत तारा लिहायचा, म्हणून गावात त्याला भलताच मान. त्यानं आबांना सांगितलं, की जळगावात एक वकील आहे, त्याला अख्खी डिक्शनरी तोंडपाठ आहे, म्हणून तो कोर्टात कुणाला हार जात नाही. झालं. दुसऱ्या दिवशी आबा जळगावला गेले आणि तांबड्या पुठ्ठ्याची इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेऊन आले. ती त्यांनी घड तोलतात तशी हातात तोलली आणि खूश झाले.

"बठ्ठे शब्द याच्यात हायेत," ते जावयांना म्हणाले. "एक बी भायेर नाई. हे पोटात गेलं म्हंजे कोनतंबी पुस्तक वाचा. तोवर दुसऱ्या पुस्तकाले हात लावू नका, शालिग्रामराव."

"जळगावला जाऊन करतो ना अभ्यास, आबा," हे म्हणाले.

"जयगावात काय हाये? सिनेमा हाये, हॉटेल हाये. शब्द तठी टिकतीन का? उघड्यावर ठेवलेली केयी पिकते का कधी? वरून काई पडते, आतून कच्ची राह्यते. कोंडल्याबिगर गोडी येत नाई."

मला वाटलं, आबा बोलण्यातली गोष्ट बोलतायत. दुसऱ्या दिवशी गड्यानं पिकवणीची खोली झाडून काढली, भिंती पांढऱ्या केल्या, आत एक खाट, एक घडवंची आणि पाण्याचा माठ ठेवला. चुन्याच्या खालून धुराचं काळं लगेच वर आलं. इतकी वर्षं खोली रिकामी होती, तरी पिकल्या केळ्यांचा गोड, घुसमटलेला वास तिच्यातून गेला नव्हता. न्याहारी झाली की जावयांनी आत जायचं. दुपारचं जेवण आत. दिवेलागणीला बाहेर. दाराला बाहेरून कुलूप. आणि किल्ली माझ्याकडे.

"माझ्याकडे काहून?" मी विचारलं.

"बायको भायेर बसली म्हंजे मानसाचं चित आत राह्यते," आबा म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

माझ्या नवऱ्यानं एका शब्दानं विरोध केला नाही. स्वभावानं ते अत्यंत भिडस्त. ज्यानं फी भरली त्याच्यापुढे मान वर करायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं, आणि वर नापास झाल्याची लाज. ते वाकून आत गेले आणि मी कुलूप लावलं. राग आबांचा आला होता, आणि त्याहून जास्त ह्यांचा.

आबांनी एक शब्द मात्र दिला होता. पास झाले की जळगावात दोन खोल्या घेऊन देतो, तिथे नोकरी बघा आणि इंदिरेला घेऊन राहा. त्या दोन खोल्यांवर माझा सगळा जीव होता. लग्न होऊन चार वर्षं झाली, तरी मी वडिलांच्याच घरी. नदीवर, विहिरीवर, लग्नात, बारशात, बायका तोंड भरून विचारत, "काय व इंदू, अजून अठीच का?" मी धड लेक नाही, धड सून नाही. भावजया मला कामाला सांगायला कचरत आणि न सांगता बसले तर कुजबुजत. स्वतःची चूल हवी होती मला. स्वतःच्या दाराला आतून लावायची कडी हवी होती. ते सगळं त्या तांबड्या पुस्तकावर अडलं होतं.

दारासमोरच्या ओट्यावर मी बसे. डाळ निवडायची, शेंगा फोडायच्या आणि आतून येणारी घोकंपट्टी ऐकायची. ए पासून सुरुवात. शब्द, त्याचा अर्थ, पुन्हा शब्द, पुन्हा अर्थ. दिवेलागणीला आबा येत, खाटेवर बसत आणि दिवसभराच्या पानांवर कुठेही बोट ठेवत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि मराठी वाचणं सहीपुरतंच. पण डिक्शनरीत उच्चार आणि अर्थ मराठीत छापलेले होते, आणि मी सातवी झालेली. मी शब्द वाचायचा, ह्यांनी अर्थ सांगायचा, आणि बरोबर की चूक ते मी आबांना सांगायचं. अशी मी जेलर पण आणि परीक्षक पण.

गंमत अशी की ते अर्थ मलाही कळत नसत. एक शब्द होता डिडक्शन. त्याचा अर्थ दिलेला, निगमन. निगमन म्हणजे काय, हे ना मला ठाऊक ना त्यांना. कॉन्टिंजन्ट म्हणजे आपातिक. हे डोळे मिटून "आपातिक" म्हणत, मी "बरोबर" म्हणे, आबा मान डोलावत. तिघांपैकी एकालाही काय बोललो ते कळलेलं नसे. इंग्रजीच्या बंद दाराआड मराठीचं दुसरं बंद दार, आणि आमचं शिक्षण त्या दोन दारांच्या मध्ये.

पान पिकलं नाही तर पुढे जायचं नाही, हा आबांचा नियम. एक शब्द चुकला की तेच पान दुसऱ्या दिवशी. संक्रांत आली तेव्हा हे डी च्या निम्म्यावर होते. परीक्षा मार्चअखेरीला. डिक्शनरीचा ढीग तसाच्या तसा पुढे उरलेला.

ह्यांची तब्येत उतरली. झरोक्यातून येणारा उजेडाचा तुकडा भिंतीवर सरके, तशी खाट ओढून ते त्याच्या मागे जात. बाहेर आले की डोळे चोळत उभे राहत, कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे. एकदा जेवण देताना मी म्हटलं, "तुम्ही आबांना सांगत काहून नाही?"

"काय सांगू? त्यांचं अन्न खातोय."

"मी पण खाते. तरी बोलते."

"तू लेक आहेस," ते म्हणाले.

मी ताट जरा जोरात ठेवलं.

संक्रांतीनंतर माझी धाकटी बहीण लता सावद्याच्या बाजारातून शेव घेऊन आली. पुडी इंग्रजी वर्तमानपत्राच्या कागदाची होती. शेव खाऊन झाल्यावर ह्यांनी तो तेलकट कागद सरळ केला आणि वाचायला लागले. मी दारातच बसले होते. ते एकेका शब्दावर बोट ठेवत होते.

"हा येतो," ते म्हणाले. "हा येतो. हा नाही. हा नाही. हा पण नाही. हा येतो."

"म्हंजे?"

"ए, बी, सी, डी पासून सुरू होणारे येतात. बाकीचे येत नाहीत."

आणि ते हसायला लागले. इतके हसले की मला भीती वाटली. मग तोंड कागदात खुपसून बसले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीची हाडं हाताला लागत होती. त्या क्षणी मला आबांचा इतका संताप आला, की उठून खोलीचं दार उपटून टाकावं.

दार उपटता आलं नाही, पण दुसरी एक गोष्ट करता आली. पुढच्याच आठवड्यात ह्यांचा कॉलेजातला सोबती अभिमन आमच्याकडे आला. धुळ्याकडचा, उंचापुरा, मोठ्या आवाजाचा. परीक्षेचा फॉर्म भरून घ्यायला आला होता. आबा बागेत होते. मी त्याला मागच्या दारी नेलं. खोली, कुलूप आणि कुलपामागची घोकंपट्टी बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"हाई काय शे, वहिनी? बठ्ठी डिक्शनरी पाठ करीसनी काय व्हई? त्याले पुस्तक वाचू द्या. वाचता वाचता जो शब्द आडवा पडी, तेवढाच धुंडाना."

"पुस्तकाले बंदी आहे," मी म्हटलं.

"मनं पुस्तक मी आठेच विसरी जास," तो म्हणाला, आणि पिशवीतला आपला अर्थशास्त्राचा ग्रंथ ओट्यावर ठेवून चालता झाला.

दुसऱ्या दिवसापासून ग्रंथ भाकरीच्या टोपलीत, फडक्याखाली, आत जायला लागला आणि दिवेलागणीच्या आधी रिकाम्या टोपलीतून बाहेर. वरच्या भाकरीला शाईचा वास येई, खालच्या पुठ्ठ्याला भरताचा.

सुरुवातीला ह्यांना जमेचना. सवय लागलेली, प्रत्येक शब्दावर थांबत आणि डिक्शनरी उघडत. तासाभरात चार ओळी. मग त्यांनी वेगळं करून पाहिलं. परिच्छेद आधी सरळ शेवटपर्यंत वाचायचा, अडलं तरी थांबायचं नाही. पुन्हा वाचायचा. ज्या शब्दामुळे सगळं वाक्यच बंद पडतं, तेवढाच बघायचा. आणि मग दाराच्या फटीजवळ येऊन तो परिच्छेद मला सांगायचा. मी म्हणायची, "नाही समजलं." मग त्यांनी तो आपल्या बोलीत, केळीची उदाहरणं देऊन पुन्हा सांगायचा. सांगता सांगता कधी मध्येच थांबत, आणि म्हणत, "थांब, हे मलाच आता कळलं."

एक दिवस ते फटीतून म्हणाले, "इंदिरे, आपण मोठ्या शब्दांना उगाच घाबरलो. मोठे शब्द नुसती नावं असतात, दोनदा भेटले की ओळख होते. खरी वाट बारक्या शब्दांनी अडवली होती. नेव्हरदलेस. हेन्स. अनलेस. हे मी परीक्षेसाठी कधी पाठच केले नव्हते."

"नेव्हरदलेस म्हंजे काय?"

"आबांनी पुस्तकाला बंदी केली. तरीपण तू आणून दिलंस. त्यातलं ते तरीपण."

मी निवडत होते ती डाळ तशीच सुपात राहिली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण त्या माणसानं मला तोवर इतकं गोड काही म्हटलं नव्हतं.

"अजून एक सांगा," मी म्हटलं.

"व्हेअरअ‍ॅज. लता शांत आहे, व्हेअरअ‍ॅज तिची मोठी बहीण भांडखोर आहे."

त्या दिवशी भाकरी जरा कमीच दिली मी त्यांना.

आता प्रश्न दिवेलागणीच्या परीक्षेचा. डिक्शनरीतली पानं पाठ होणं बंद झालेलं. आबा बोट ठेवत, मी शब्द वाची, आणि हे माझ्याकडे बघत. पहिल्या दिवशी ते घाबरून खरंच सांगणार होते की येत नाही. मी डोळे वटारले. मग त्यांनी घसा साफ केला आणि काहीतरी ठोकून दिलं. "घडातली सगळ्यात खालची बारकी फणी, व्यापारी जिला धरत नाही ती."

"बरोबर," मी म्हटलं.

आबांचा चेहरा उजळला. "आता कसं! इंग्रजांलेबी बारकी फनी ठाऊक हाये म्हना की!"

मग काय विचारता. रोज नवा अर्थ. पानावरचा करपा, विहिरीतला गाळ, वाकलेल्या झाडाला द्यायचा टेकू, सगळ्यांना इंग्रजी शब्द मिळाले. पानं झपाट्यानं उलटायला लागली. आबा म्हणत, "पाहाय इंदू, आता ऊब धरली. सुरुवातीले येळ लागतो, मंग भराभर पिकते." मी मान हलवी. आतून मला हसूही येई आणि भीतीही वाटे.

एकदा नेमका रतिलाल हजर होता. आबांनी मोठ्या ऐटीत डिक्शनरी त्याच्यापुढे केली. "तुम्ही इचारा, रतिलालशेठ. तुमाले इंग्रजी येते."

रतिलालनं चष्मा लावला, पान उलटलं आणि म्हणाला, "हॅगल."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. अर्थ छापला होता, घासाघीस करणे, भाव पाडून मागणे. ह्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा झरोक्याकडे पाहिलं.

"उन्हानं करपून लोंबणारं पान," ते म्हणाले.

रतिलाल डिक्शनरीकडे बघत राहिला. आयुष्यभर आमच्याशी घासाघिशीशिवाय दुसरं काही न केलेला माणूस. पण त्याला तरी तारेतले शब्द आणि वहीतलं गुजराती सोडून कुठे काय वाचता येत होतं? आणि जावयासमोर ते कबूल कोण करणार? त्यानं डिक्शनरी मिटली.

"एकदम बराबर," तो म्हणाला. "वकिलाला पण येणार नाही."

मार्चअखेरीला हे जळगावला परीक्षेला गेले. जायच्या आधी ग्रंथ पुरा वाचून झाला होता. काही भाग दोनदा. निघताना ते मला म्हणाले, "पेपर कसाही येऊ दे. निदान प्रश्न काय विचारलाय ते तरी कळेल." मला तेवढ्यानंही रडू आलं. मे महिन्यात लताचं लग्न झालं, वढोद्याच्या निंबाशी. तोही कॉलेजात, तोही गचकलेला, इंटरला. जूनमध्ये निकाल लागला. आमचे हे पास. नुसते पास नाही, सेकंड क्लास.

मी देवघरात जाऊन रडले. मनातल्या मनात मी तेव्हाच जळगावच्या खोलीत फळ्या ठोकत होते. चूल कुठे, मांडणी कुठे, माठ कुठे.

आबांनी पेढे आणले. पहिला पेढा त्यांनी देवापुढे नाही ठेवला, जावयांना नाही दिला. पिकवणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि तिथे नारळ फोडला. गावभर बातमी झाली की कौतिक आबांनी जावई खोलीत घालून पिकवला. माणसं खोली बघायला यायला लागली. भिंतीला हात लावून पाहत, झरोका किती रुंद ते विचारत. विवऱ्याचे एक पाटील तर आमच्या गवंड्याला बोलावून मापं घेऊन गेले.

आणि एक दिवस ओसरीवर बैठक भरली. गावातले चार जाणते, रतिलाल, नवा जावई निंबा, हे, आणि मध्ये आबा. मी आणि लता आतल्या दाराशी. आबांनी जाहीर केलं, की निंबारावही आता वर्षभर अठीच राहतील. खोलीला लागून अजून दोन खोल्या बांधायच्या, गावातल्या पोरांसाठी. शालिग्रामराव त्यांच्यावर देखरेख करतील. पगार देऊ, घर आहेच. लतानं माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आणि जळगाव?" मी विचारलं.

बैठकीत बाईनं बोलायची पद्धत नव्हती. सगळे माझ्याकडे वळले.

"आता जयगाव कायले पाह्यजे?" आबा म्हणाले. ते रागावले नव्हते. आनंदात होते.

मग मला राहवेना. लताचा हात धरूनच मी उंबरा ओलांडून पुढे आले. "आबा, हे डिक्शनरीनं पास नाही झाले. डी च्या पुढं त्यांनी डिक्शनरी पाठच नाही केली. मी भाकरीच्या टोपलीतून पुस्तक नेऊन देत होते, ते वाचून पास झाले. तुमच्या खोलीनं तर त्यांचा जीव जायची पाळी आली होती. निंबारावांना कोंडू नका."

रतिलाल चष्मा पुसायला लागला. आबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम म्हातारा दिसायला लागला. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

"खरं हाये का, शालिग्रामराव?"

मला वाटलं, झालं, सुटलो. एका शब्दाचं काम होतं. त्या माणसाजवळ आता हवे तेवढे शब्द होते.

हे जमिनीकडे बघत होते. निंबाही त्यांच्याकडे बघत होता.

"पुस्तकही थोडंफार चाळलं," हे म्हणाले. "नाही असं नाही. पण पाया त्या खोलीतच पडला. कोंडून घेतल्याशिवाय बैठक येत नाही, आबांचं हे खरं आहे."

ओसरीभर श्वास सुटला. कुणीतरी हसलं. आबांनी जावयांच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "जाय, चहा ठेव." लतानं माझा हात सोडला.

माणसं गेल्यावर मी ह्यांना परसात गाठलं. मला भांडायचं होतं. मी म्हटलं, "भिडेखातर खोटं बोललात ना?"

"खोटं काय बोललो?" ते म्हणाले. "बाहेर हिंडत राहिलो असतो तर वाचला असता का मी तो ग्रंथ? तूच सांग."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. भीड नव्हती त्यात, लाज नव्हती. ते मनापासून बोलत होते. तो शेवेचा कागद, ते हसणं, पाठीची ती हाडं, सगळं त्यांच्यातून निघून गेलं होतं. आबांनी त्यांना गावासमोर मोठं केलं होतं, आणि ज्या खोलीमुळे ते मोठे झाले असं गाव म्हणत होतं, ती खोली वाईट होती असं त्यांना आता म्हणायचंच नव्हतं. ते दोन महिने फटीतून माझ्याशी जो माणूस बोलत होता, तो आतच राहून गेला असावा, असं मला वाटलं.

"आणि आपलं जळगाव?"

"आता कशाला?" ते म्हणाले. "इथे काय कमी आहे आपल्याला?"

"मग मी जाते निघून."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली. निंबाच्या खोलीत खाट कुठल्या भिंतीला लावायची ते बघायला ते आत गेले.

मी थट्टा करत नव्हते. पण नवऱ्यावर रागावलेली बाई जाऊन जाऊन माहेरी जाते, आणि मी माहेरीच होते.